टॉरवर बिटकॉइन नोड: या चुका टाळा

नोड (बिटकॉइन नेटवर्कमध्ये भाग घेणारा तुमचा संगणक) सुरू आहे, ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे) येताहेत, म्हणजे सगळं टॉर या आयपी लपवणाऱ्या नेटवर्कमधूनच जातंय असं नाही. बिटकॉइन कोअर हे नोडचं सॉफ्टवेअर अर्धवट सेटिंगवरही कुरकुर न करता चालतं, आणि घोळ तिथेच होतो. (सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, बिटकॉइन कोअरच्या सेटिंग फाइलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करा.)

सगळ्यांत महागात पडते ती 'ओनियन=१२७.०.०.१:९०५०' एवढंच लिहून थांबण्याची चूक. या ओळीने फक्त ओनियन पत्त्यांकडे (टॉरच्या आतल्या पत्त्यांकडे) जाणाऱ्या जोडण्या टॉरमधून जातात. बाकीच्या पीअरशी (इतर नोडशी) नोड घरच्या आयपीवरूनच बोलत राहतो. बाहेर जाणारं सगळं टॉरमधून हवं असेल तर 'प्रॉक्सी=१२७.०.०.१:९०५०' लिहा. ९१५० हा पोर्ट टॉर ब्राउझरचा. तो दिलात तर ब्राउझर बंद करताच नोडही तुटेल.

आता गंमत अशी, की 'प्रॉक्सी' लिहिली की 'लिसन' (बाहेरून येणाऱ्या जोडण्या घेणं) आपोआप ० होतं आणि त्यामागोमाग 'लिसनओनियन' (त्या ओनियन पत्त्यावर घेणं) ही. मग नोडला ओनियन पत्ता मिळतच नाही आणि लोक टॉरला दोष देत बसतात. 'लिसन=१' स्वतः लिहा, सोबत 'बाइंड=१२७.०.०.१' द्या. ही दुसरी ओळ राहिली तर बिटकॉइनचा पोर्ट ८३३३ सगळ्या इंटरफेसवर उघडतो. राउटरवर जुनं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची जोडणी घरातल्या संगणकाकडे वळवणं) उरलं असेल, तर तुमचा आयपी आणि ओनियन पत्ता एकाच नोडचे आहेत हे बाहेरच्याला जुळवता येतं.

तरीही पत्ता तयार होत नसेल तर बहुधा परवानगीचा प्रश्न असतो. टॉरआरसीमध्ये (टॉरच्या सेटिंग फाइलमध्ये) 'कंट्रोलपोर्ट ९०५१', 'कुकीऑथेंटिकेशन १' आणि 'कुकीऑथफाइलग्रुपरीडेबल १' हवं. डेबियन-उबंटूवर नोड ज्या युजरखाली चालतो त्याला 'डेबियन-टॉर' ग्रुपमध्ये घाला, मग टॉर आणि नोड दोन्ही रीस्टार्ट करा. रीस्टार्ट विसरलात तर नवा ग्रुप लागूच होत नाही, आणि लॉगमध्ये कुकी फाइल (टॉरशी बोलण्याची परवानगी देणारी फाइल) उघडता आली नाही अशी ओळ दिसत राहते. जमलं की 'गॉट सर्व्हिस आयडी' दिसेल. 'गेटनेटवर्कइन्फो' या कमांडच्या 'लोकलअ‍ॅड्रेसेस'मध्ये ५६ अक्षरांचा पत्ताही येईल. त्याची किल्ली डेटा फोल्डरमधल्या 'ओनियन_व्ही३_प्रायव्हेट_की' फाइलमध्ये असते. ती दुसऱ्या चालू नोडवर कॉपी करू नका.

'ऑनलीनेट=ओनियन' (फक्त ओनियन पत्त्यांशीच जोडा) हे बंधन नोड आपणहून जोडतो त्या पीअरपुरतंच आहे. ओनियन पत्ते फुकट आणि हवे तितके बनवता येतात, त्यामुळे केवळ त्यांच्यावर विसंबलेल्या नोडला एकाच माणसाच्या बनावट पीअरनी घेरणं सोपं जातं. जमल्यास आयटूपी हे टॉरसारखंच दुसरं नेटवर्कही जोडा: 'आयटूपीसॅम=१२७.०.०.१:७६५६' आणि 'ऑनलीनेट=आयटूपी'.

टॉर सुरुवातीलाच अडकत असेल तर घड्याळ पाहा. रास्पबेरी पाय ४ वर बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज गेली की वेळ चुकते आणि टॉर सर्किट (नेटवर्कमधला जोडणीचा मार्ग) बांधत नाही.

एवढं करून मोबाइल वॉलेट परक्या इलेक्ट्रम सर्व्हरला (वॉलेटला व्यवहारांची माहिती पुरवणाऱ्या सर्व्हरला) जोडलेलं असेल, तर तुमचे सगळे पत्ते त्या सर्व्हरला दिसतातच. वॉलेट स्वतःच्या नोडला जोडा.