चिनी मातीवर निळी नक्षी काढताना या चुका टाळा

भट्टीतून ताटली काढली आणि निळ्या कमळाऐवजी काळपट, खरबरीत डाग दिसला, की सगळे भट्टीला नावं ठेवतात. बहुतेक वेळा रंगच जाड लागलेला असतो. चीनच्या जिंगदेझेनमध्ये 'छिंगह्वा' म्हणजे निळी नक्षी कच्च्या, न भाजलेल्या भांड्यावर काढतात, वरून झिलई म्हणजे काचेसारखा चकचकीत थर देतात आणि साधारण १३०० अंश सेल्सिअसला भाजतात. ही नक्षी कोबाल्ट या धातूपासून केलेल्या रंगानं काढतात. भाजण्याआधी कोबाल्ट निळा नसतोच, राखाडी-काळा दिसतो. रंग दिसेना म्हणून आपण आणखी एक हात मारतो, तिथंच घात होतो. आधी एका तुकड्यावर फिकट ते गडद अशा पाच छटांचे पट्टे ओढून ते भाजून घ्या आणि तो समोर ठेवूनच रंगवा.

दुसरी चूक म्हणजे भिंत रंगवल्यासारखा कुंचला घासणं. कच्चं भांडं टिपकागदासारखं पाणी पितं. कुंचला थबकला की डाग, घासला की ओरखडे. तिथले कारागीर जाड पोटाचा, टोकदार कुंचला पातळ रंगात गच्च भिजवतात. त्याला 'कोंबडीचं डोकं' म्हणतात. त्यातून रंगाचं थारोळं सोडायचं, भांडं किंचित कलतं धरायचं आणि ते पाणी बाह्यरेषेच्या आत फिरवत न्यायचं. मातीला रंगाचं पाणी लागतं, कुंचल्याचे केस लागत नाहीत. उरलेलं पाणी कुंचल्यानंच ओढून घ्यायचं. उसाला दारं धरणाऱ्याला हे चटकन उमजेल! कोबाल्ट तळाशी बसतो, त्यामुळे दर वेळी ढवळूनच कुंचला बुडवा.

रेषा चुकली तर ओल्या फडक्यानं पुसू नका, निळसर धुकं राहतं. सुकू द्या आणि पात्यानं अलगद खरवडा.

नक्षी धूसर झाली तर झिलई जाड झाली असेल किंवा आच जास्त लागली असेल. कुंचल्यानं झिलई दिली तर रंग फरफटतो. पूर्वी बांबूच्या नळीला जाळीदार कापड बांधून झिलई फुंकत. आता स्प्रेगन आहे.

'जुन्या भांड्यांवरही काळे ठिपके असतातच की,' हे समर्थन मी बरेचदा ऐकतो. असतात. युंगलो आणि श्वेनदे या चिनी सम्राटांच्या काळातल्या (१४०३ ते १४३५) भांड्यांवरचे ठिपके लोहयुक्त आयात कोबाल्टचे आहेत. अठराव्या शतकात कारागिरांनी मुद्दाम टिंबं देऊन त्यांची नक्कल केली. आपला डाग आपलाच.

तांब्याच्या लाल रंगाच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. तो भट्टीत उडून जातो, नाहीतर राखाडी पडतो.

आणि हात साबणानं धुऊन बसा. तेलकट बोट लागलं की तिथं झिलई धरत नाही.