पवनचक्क्या लावताय? गावाशी बोलताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गावात कंपनीच्या आधी जमिनीचा एजंट पोचणं. तो सातबारे गोळा करतो, एकाला एक भाव, शेजारच्या बांधावर दुसराच भाव, आणि नोटरी करून मोकळा होतो. मग सहा महिन्यांनी कंपनीचा साहेब ग्रामसभेत उभा राहतो तेव्हा अर्धं गाव आधीच चिडलेलं असतं, आणि त्यांचं काय चुकतं सांगा?

कागदावर बघाल तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागणाऱ्या प्रकल्पांची जी यादी आहे, तिच्यात पवनऊर्जा नाहीच, म्हणजे त्या कायद्याखाली जनसुनावणीची सक्ती नाही. याचा अर्थ विचारायचीच गरज नाही असा घेऊ नका. जमीन वनखात्याची असेल तर वनहक्क कायदा येतो, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना खास अधिकार देणारा कायदा) लागू असलेलं गाव असेल तर ग्रामसभेला डावलून पुढे जाताच येत नाही. आणि खाजगी जमीन असली तरी सरपंचाला भेटलो म्हणजे गावाला भेटलो असं होत नाही हो. महिला ग्रामसभा वेगळी होते तिथेही जा, कारण सरपण आणि पाण्याची वाट कुठून जाते ते तिथेच कळतं.

दुसरी चूक, फक्त टॉवरखालच्या जमीनवाल्याशी बोलायचं. खरी भांडणं रस्त्यावरून होतात! पन्नास-साठ मीटर लांबीचं पातं घेऊन ट्रेलर वळतो तेव्हा बांध फुटतो, झाड जातं, ओढ्यावर मुरूम टाकून पाइप बसवतात तो पहिल्याच पावसात तुंबतो आणि पाणी खालच्या माणसाच्या भुईमुगात. त्याला तर भाड्याचा एक रुपयाही मिळत नसतो. वीजलाइनचे खांब ज्यांच्या शेतात येणार त्यांचंही तेच. म्हणून पहिल्या बैठकीतच रस्ता आणि लाइन गट नंबरांसकट नकाशावर दाखवा.

पवनचक्क्यांमुळे पाऊस पळतो, ही भीती दुष्काळात आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पसरली होती. त्यावर हसू नका. पाती जमिनीजवळच्या वाऱ्यात फिरतात, पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वर असतात, हे शांतपणे समजावून सांगा, जमलं तर कृषी किंवा हवामानातल्या बाहेरच्या माणसाकडून. पण परिणाम काहीच होत नाही असंही ठोकून देऊ नका, साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या अभ्यासात (२०१८) चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आणि सरडे जास्त दिसले होते. आवाजाचं विचारलं तर आकडे फेकण्यापेक्षा गावातल्या दहा जणांना गाडीत घालून चालू चक्कीखाली रात्री उभं करा, त्यात आजारी म्हाताऱ्यांच्या घरचं कोणी असू द्या.

काम अडवलंच असेल तर पोलीस बोलवायच्या आधी नेमकं कोणी आणि कशासाठी अडवलंय ते बघा, बहुतेक वेळा थकलेली नुकसानभरपाई निघते. ती आधी द्या. सगळ्यांचे दर ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, आणि तक्रारीसाठी फोन उचलणारा एक माणूस तालुक्यात ठेवा, जो काम संपल्यावरही तिथेच असेल.