फ्लॅपचं रिगिंग: फिटरकीतून विमानाकडे येणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये विमान म्हटलं की लोकांना ओझर आठवतं. साहजिकच आहे, विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएलचा तिथला कारखाना १९६४ सालचा. आधी मिग, मग सुखोई. माझा हात मात्र विमानाला पहिल्यांदा लागला तो अंबडकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. एक हौशी डॉक्टर दोन सीटचं ॲल्युमिनियमचं किट-विमान बांधत होते आणि त्यांना मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक कळणारा फिटर हवा होता. आता आयटीआयची पोरं विचारतात, ‘दादा, आम्हाला जमेल का?’ हाताचं काम येत असेल तर जमेल. मोजायचं कुठून, हे मात्र नव्यानं शिकावं लागतं आणि ते शिकायला फ्लॅपसारखी दुसरी जागा नाही.

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा, बुडाकडचा हलता भाग. उतरताना तो खाली आला की कमी वेगातही पंख विमानाला उचलून धरतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला एलेरॉन, विमान डावी-उजवीकडे कलवणारा हलता भाग. एलेरॉन डावा-उजवा उलट हलतो, फ्लॅप दोन्ही बाजूंना सारखे. हे ‘सारखे’ जुळवणं म्हणजेच सगळं रिगिंग. ड्रॉइंगमध्ये पूर्ण फ्लॅप ४० अंश दिलाय आणि तुमचे दोन्ही ३९ ला थांबले, तर ते सुधारता येतं. एक ४० आणि दुसरा ३६ ला थांबला तर विमान एका बाजूला कलायला बघतं, आणि तेही जमीन जवळ आलेली असताना.

नवा माणूस आला की थेट फ्लॅपला कोन मोजायचा गेज लावतो. आधी एलेरॉन. स्टिक (पायलटच्या हातातला दांडा) मधोमध बांधून ठेवा, बेलक्रँक (स्टिककडून आलेली ढकल वळवून एलेरॉनकडे देणारा तुकडा) जिगवर घ्या, टेम्प्लेट लावून एलेरॉन न्यूट्रल करा आणि तिथंच लॉक करा. मग फ्लॅप पूर्ण वर घेऊन त्याची मागची कड एलेरॉनच्या कडेशी एका रेषेत आणा. लांब सरळपट्टी नसेल तर ताणलेली दोरी चालते. गवंडी पिढ्यान्‌पिढ्या भिंती अशाच बांधतात. ही रेषा जुळली की ते तुमचं शून्य. डिजिटल अँगल गेज इथं झीरो करायचा, जमिनीवर नाही. आणि दोन्ही पंखांवर गेज त्याच रिबवर (पत्र्याखालच्या आडव्या फासळीवर) ठेवायचा. पत्रा रिबच्या मधे किंचित दबलेला असतो, तिथं ठेवलेला गेज काहीही सांगतो.

आता पुशरॉड, म्हणजे फ्लॅप ढकलणारा दांडा. मोटारीचा ॲक्च्युएटर (मागेपुढे सरकणारा भाग) आडवी टॉर्क ट्यूब फिरवतो, तिच्या दोन आर्मवरून दोन रॉड दोन फ्लॅपला जातात. रॉडच्या टोकाला रॉड-एंड, म्हणजे आत फिरता गोळा असलेला, आट्यांवर बसणारा जोड. पाव इंच, इंचाला २८ आट्यांचा रॉड-एंड अर्धा फेरा फिरवला तर लांबी साधारण ०.४५ मिलिमीटरनं बदलते. बारीक वाटतं ना? फ्लॅपचा हॉर्न (रॉड जिथं जोडतो तो आर्म) ७५ मिलिमीटरचा असेल तर तेवढ्यानं कोन सुमारे एक तृतीयांश अंश हलतो, आणि बिजागरीपासून ३०० मिलिमीटरवरच्या कडेला तो फरक जवळपास २ मिलिमीटर दिसतो. रॉड-एंडचा बोल्ट परत त्याच भोकात बसायचा असल्यामुळे अर्ध्या फेऱ्यापेक्षा बारीक पायरी सहसा मिळत नाही. डॉक्टरांना अंशाचा दहावा भागही जुळवायचा असायचा. गेज तेवढं दाखवतो म्हणून फ्लॅपला तेवढं लागतं असं नाही. ड्रॉइंगमधली मर्यादा गाठली की थांबायचं.

डाव्या-उजव्याचा फरक रॉडनं काढायचा. दोन्ही मिळून किती खाली जातात ते ॲक्च्युएटरच्या लिमिट स्विचनं ठरवायचं. या दोन दुरुस्त्यांची सरमिसळ केली की दिवसभर गोल गोल फिरत राहाल. वर घेतल्यावर दोन्ही फ्लॅप एकदमच टेकायला हवेत. एक आधी टेकला तर मोटार ट्यूबला पीळ देत राहते आणि दुसरा फ्लॅप हवेत थरथरतो.

पुस्तकात सहज न सापडणारी गोष्ट ही: शेडमध्ये फ्लॅप स्वतःच्या वजनानं खाली लोंबतो, उडताना हवा त्याला वर ढकलते. म्हणजे जोडांमधला लूजपणा जमिनीवर एका बाजूला आणि हवेत दुसऱ्या बाजूला. म्हणून मोजताना सोबत्याला फ्लॅप तळहातानं हळूच वर दाबून धरायला सांगा. दाबल्यावर आकडा फारच बदलला तर रॉड फिरवू नका, आधी बोल्ट आणि बुशिंग बघा.

मोटार चालू करायच्या आधी आवाज द्या. रिगिंग करताना बॅटरी काढलेली. बोटं फ्लॅपच्या फटीत सहज जातात.

मग कुलूपबंदी. चेकनट घट्ट. रॉडवर तपासणीचं भोक असेल तर त्यात बारीक तार घालून बघायची. आरपार गेली तर रॉड-एंडचे पुरेसे आटे आत नाहीत. जोड फिरता असेल तिथं नायलॉकवर (आत नायलॉनची कडी असलेल्या नटावर) भागवायचं नाही, खाचांचा कॅसल नट आणि त्यातून कॉटर पिन. रॉड-एंडच्या बाहेर मोठा वायसर टाका, म्हणजे आतला गोळा निसटला तरी रॉड सुटून येत नाही. आणि ‘हाताला कळतं’ हे विसरा: एएन-३ या विमानातल्या बारीक बोल्टला साधारण २० ते २५ इंच-पौंड लागतात, ते टॉर्क पान्यानंच. घट्ट झाल्यावर नटावर रंगाची रेघ ओढायची, हलला की रेघ तुटलेली दिसते. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक खात्याचं एसी ४३.१३-१बी हे पुस्तक नेटवर फुकट आहे. इंग्रजी जड वाटलं तरी बोल्ट-नटाचं प्रकरण वाचाच.

नोकरीचं सरळ सांगतो. घरी विमान बांधणाऱ्यांकडे पगार नसतो. आपल्याकडे असे लोकही मोजके. मुंबईत गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव सगळ्यांना माहीत आहेत, त्यांचं विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. या शेडमधून मिळतो तो हात. पोट भरायचं तर ओझरची ॲप्रेंटिसशिप बघा, फिटर ट्रेडला जागा निघतात. विमान दुरुस्तीचं लायसन हवं असेल तर डीजीसीएचं, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाचं, कार-६६ (लायसनचे नियम). पिस्टन इंजिनच्या विमानांना बी-१.२ लागतं, आणि बारामती-धुळ्याकडच्या फ्लाइंग स्कूलची छोटी विमानं त्यातच येतात. मोठ्या एअरलाइनचं स्वप्न असेल तर टर्बाइनचं बी-१.१.

तोवर कोणाच्या शेडमध्ये हात बसवायला गेलात तर पहिल्या दिवसापासून वही ठेवा: तारीख, कुठला रॉड, किती अर्धे फेरे, आधीचा कोन, नंतरचा कोन. डाव्या-उजव्याला वेगळी पानं. कंट्रोलच्या कामाची दुसऱ्या माणसानं स्वतंत्र तपासणी करायची असते, आणि तो आला की पहिलं मागतो ते हेच पान.