एनएफएल ड्राफ्टमध्ये आपली टीम कोणाला उचलणार, हे आधीच कसं ओळखायचं

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या टीमनी कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने उचलणं. एप्रिल आला की जो तो मॉक ड्राफ्ट (कोणती टीम कोणाला घेणार याचा आपला अंदाज) घेऊन बसतो, आणि बहुतेक जण काय करतात तर कॉलेजच्या खेळाडूंची एक यादी उघडतात, वरून खाली नावं वाचतात आणि आपल्या टीमचा नंबर आला की जे चांगलं नाव उरलंय ते तिथे चिकटवतात. याला अंदाज म्हणत नाहीत राव, याला रांगेतला नंबर मोजणं म्हणतात. अंदाज करायचाय ना, मग खेळाडू नंतर, आधी टीम वाचा. तिचा जीएम (जनरल मॅनेजर, खेळाडू निवडणारा माणूस) कोण, त्याच्या सवयी काय, कोणाचे कॉन्ट्रॅक्ट कधी संपतात, हे सगळं मार्चअखेरपर्यंत करून ठेवायचं, कॉलेजच्या हायलाइट्स नंतर बघितल्या तरी चालतात.

सगळ्यात आधी बघायचं ते म्हणजे टीमकडे पिक (खेळाडू उचलायची पाळी) आहे का? हसू नका, लोक हेच विसरतात. ग्रीन बे पॅकर्सने ऑगस्ट २०२५ मध्ये डॅलसकडून मायका पार्सन्सला आणलं तेव्हा डिफेन्सिव्ह टॅकल केनी क्लार्कसोबत २०२६ आणि २०२७ चे दोन्ही पहिल्या राउंडचे पिक देऊन टाकले, म्हणजे त्या दोन वर्षांत पॅकर्ससाठी पहिल्या राउंडचा मॉक करायचा तर आधी ते तिथे ट्रेड करून परत कसे घुसतील ते सांगावं लागेल.

ऑर्डर कशी लागते ते एकदा डोक्यात बसवा. प्लेऑफला न गेलेल्या टीम आधी, सगळ्यात खराब रेकॉर्डवाली पहिली, रेकॉर्ड सारखं असेल तर ज्यांचं शेड्युल सोपं होतं ते आधी. मग प्लेऑफमध्ये जो जितक्या उशिरा हरला तितका मागे, सुपर बोल हरणारा ३१ वा, जिंकणारा ३२ वा. एकूण ७ राउंड. गुरुवारी रात्री पहिला, शुक्रवारी दुसरा-तिसरा, शनिवारी उरलेले चार. शिवाय तिसऱ्या ते सातव्या राउंडच्या शेवटी कॉम्पेन्सेटरी पिक असतात, ज्या टीमने फ्री एजन्सीत (कॉन्ट्रॅक्ट संपलेल्या खेळाडूंच्या बाजारात) जितके खेळाडू कमावले त्यापेक्षा जास्त गमावले तिला ते मिळतात, आणि त्यामुळे ७ गुणिले ३२ म्हणजे २२४ न होता २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी एकूण २५७ पिक झाले. जी टीम मार्चमध्ये शांत बसून आपले खेळाडू बाहेर जाऊ देते ती बरेचदा हेच पिक गोळा करत असते, त्यामुळे 'आमचा जीएम झोपलाय' असं ओरडण्याआधी हा हिशोब बघा.

आता खरं काम. एक कागद घ्या किंवा एक्सेल उघडा आणि टीमचा रोस्टर (सगळ्या खेळाडूंची यादी) पोझिशनप्रमाणे लिहा, आणि प्रत्येक नावासमोर वय आणि कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय ते वर्ष. आता यंदा कुठे भोक आहे ते बघायचं, पण त्याहून जास्त पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी कुठे पडणार आहे ते बघायचं. कारण यंदाचं भोक जीएम फ्री एजन्सीत कोणीतरी अनुभवी माणूस आणून बुजवतो, ड्राफ्ट तो दोन वर्षं पुढचं बघून करतो. ड्राफ्ट झालेल्या खेळाडूचा पहिला कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचा असतो, पहिल्या राउंडवाल्याला टीमच्या मर्जीने पाचवं वर्ष जोडता येतं, म्हणजे तीन-चार वर्षांपूर्वी कोण कोण उचलले होते ती यादी काढली की यंदा कुठल्या पोझिशनवर माणूस लागणार ते अर्धं तिथेच दिसतं.

पॅकर्सचंच २०२५ घ्या, म्हणजे कसं चालतं ते कळेल. वाइड रिसीव्हर (पास झेलणारे) क्रिस्चन वॉटसन आणि रोमिओ डूब्ज दोघेही २०२२ च्या ड्राफ्टचे, म्हणजे दोघांचे कॉन्ट्रॅक्ट २०२५ च्या सीझननंतर संपणार होते, त्यात वॉटसनचं एसीएल (गुडघ्याचं लिगामेंट) जानेवारीत फाटलेलं. कागदावर रिसीव्हर हे उत्तर ओरडत होतं. पण प्रत्येक जण म्हणत होता की छे, पॅकर्स पहिल्या राउंडला रिसीव्हर घेतच नाहीत, २००२ मध्ये जॅव्हन वॉकर घेतला त्यानंतर एकही नाही, ग्रेग जेनिंग्स, जॉर्डी नेल्सन, रँडल कॉब, दावान्ते ॲडम्स सगळे दुसऱ्या राउंडचे, वॉटसन पण दुसऱ्याचाच. आणि ड्राफ्टही त्या वर्षी ग्रीन बेमध्येच, २३ व्या नंबरला टेक्सासच्या मॅथ्यू गोल्डनचं नाव पुकारलं आणि घरची पब्लिक अक्षरशः वेडी झाली. ज्यांनी कॉन्ट्रॅक्टचा तक्ता केला होता त्यांना पोझिशन बरोबर आली, ज्यांनी फक्त 'पॅकर्स असं करत नाहीत' हे पाठ केलं होतं त्यांची चुकली.

मग सवयी बघायच्याच नाहीत का? बघायच्या, पण सवय दोन प्रकारची असते आणि हा फरक कळला की निम्मी लढाई जिंकलात. एक सवय विचारातून आलेली असते. उदाहरणार्थ पॅकर्सला तरुण आणि ॲथलेटिक पोरं आवडतात, ब्रायन गुटेकुन्स्ट २०१८ ला जीएम झाला तेव्हापासून २०२४ पर्यंत पहिल्या राउंडला नऊ जण घेतले त्यातले सात डिफेन्सचे, आणि ऑफेन्सचे फक्त जॉर्डन लव्ह आणि जॉर्डन मॉर्गन, आणि रशान गॅरी, क्वे वॉकर, लुकास व्हॅन नेस ही सगळी नावं बघा, अंगापिंडाने दांडगी आणि त्या साइजला पळायला वेगवान. गोल्डनसुद्धा कॉम्बाइनला (ड्राफ्टआधीची खेळाडूंची चाचणी) ४० यार्ड ४.२९ सेकंदात पळालेला, म्हणजे पोझिशनची सवय मोडली पण ॲथलीटची सवय मोडली नाही! दुसरी सवय म्हणजे नुसता योगायोग, जो दरवर्षी टीव्हीवाले सांगतात म्हणून मोठा वाटतो. फिलाडेल्फिया ईगल्स पहिल्या राउंडला ऑफ-बॉल लाइनबॅकर (पुढच्या ओळीच्या मागे उभा राहणारा डिफेन्सवाला) घेत नाहीत, १९७९ च्या जेरी रॉबिन्सननंतर घेतलाच नाही, असं किती वर्षं ऐकलं, आणि त्याच २०२५ च्या रात्री त्यांनी एक जागा वर सरकून ३१ व्या नंबरला अलाबामाचा जिहाद कॅम्पबेल घेतला. चाळीस वर्षांत तिथे किती जीएम, किती कोच आले नि गेले, त्या सगळ्यांची मिळून एक सवय कशी असेल? त्यामुळे आत्ताच्या जीएमचेच ड्राफ्ट मोजा, त्याच्या आधीचे सोडून द्या. आणि तो जीएम जिथे शिकला, आधी ज्या टीममध्ये स्काउटिंगला होता, तिथल्या ड्राफ्टवर पण नजर टाका.

कोच बदलला असेल तर थोडं थांबा. नवीन डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर आला की त्याला लागणारं शरीर वेगळं असतं, पुढच्या ओळीत तीन लावणाऱ्या ३-४ वाल्याला मधे मोठा नोज टॅकल हवा, चार लावणाऱ्या ४-३ वाल्याला कडेला हात टेकून बसणारा एंड हवा, आणि जुन्या रोस्टरमधले दोन-तीन चांगले खेळाडू एका दिवसात बिनकामाचे होतात. हे भोक तक्त्यात दिसत नाही.

पोझिशनची किंमत हा पुढचा मुद्दा. २०११ पासून रुकीचा, म्हणजे नवख्या खेळाडूचा, पगार नंबरप्रमाणे जवळपास ठरलेला असतो, मग त्या पैशात बाजारात जे सगळ्यात महाग मिळतं तेच उचलायचं की, म्हणून क्वार्टरबॅक (पास फेकणारा), ऑफेन्सिव्ह टॅकल (त्याला वाचवणारा), एज रशर (कडेने त्याच्यावर धावून जाणारा), कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा), वाइड रिसीव्हर वर चढतात आणि रनिंग बॅक, गार्ड, सेफ्टी खाली घसरतात. २०२२ आणि २०२४ मध्ये पहिल्या राउंडला एकही रनिंग बॅक गेला नाही. पण मधल्या २०२३ मध्ये बिजन रॉबिन्सन ८ वा, जामिर गिब्स १२ वा. डेट्रॉइटने गिब्सनंतर १८ व्या नंबरला लाइनबॅकर जॅक कॅम्पबेल घेतला तेव्हा लोकांनी अक्कल काढली होती त्यांची, आणि पुढे दोघंही टीमचे मोठे खेळाडू ठरले, तर हा नियम सगळे जीएम मानतात असं नाही.

क्वार्टरबॅकचं गणित वेगळंच, तिथे तक्ता-बिक्ता सगळं बाजूला. अटलांटाने मार्च २०२४ मध्ये कर्क कझिन्सला चार वर्षांचा १८ कोटी डॉलरचा कॉन्ट्रॅक्ट दिला आणि पुढच्याच महिन्यात ८ व्या नंबरला मायकेल पेनिक्स उचलला, कोणाच्या स्वप्नात तरी होतं का? त्या वर्षी पहिल्या १२ मध्ये सहा क्वार्टरबॅक गेले, आणि पहिले चौदाच्या चौदा पिक ऑफेन्सचे, पहिला डिफेन्सवाला १५ व्या नंबरला, इंडियानापोलिसने घेतलेला लायाटू लाटू. याचा आपल्या टीमला उपयोग असा की टीम १४-१५ च्या आसपास असेल आणि तिला क्वार्टरबॅक नको असेल तर आपल्या आधी जितके जास्त क्वार्टरबॅक जातील तितका आपल्याकडे वरच्या दर्जाचा दुसरा कोणीतरी घसरत येतो. म्हणून फक्त आपल्या टीमचा मॉक करून भागत नाही, आपल्या आधीच्या सगळ्या टीमचा ढोबळ का होईना करावा लागतो.

ट्रेडचा अंदाज कसा करायचा? जिमी जॉन्सनच्या काळात, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, काउबॉइजने एक तक्ता केला, त्यात पहिल्या पिकला ३००० पॉइंट, तिसऱ्याला २२००, १२ व्याला १२००, १६ व्याला १०००, ३२ व्याला ५९०. टीमकडे आता याहून नवे तक्ते आहेत पण अंदाजाला हा पुरतो. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को १२ वरून ३ वर गेलं, फरक १००० पॉइंट, म्हणजे कागदावर एक मधला पहिल्या राउंडचा पिक. प्रत्यक्षात मायामीला त्यांनी २०२२ आणि २०२३ चे पहिल्या राउंडचे दोन पिक दिले आणि वर एक तिसऱ्या राउंडचा. पुढच्या वर्षीचा पिक साधारण एक राउंड खाली धरतात हे मानलं तरी ते जास्तच दिलं, आणि घेतलं कोणाला तर ट्रे लान्सला. हा क्वार्टरबॅकचा जादा भाव. तेव्हा एखादी टीम वर जाणार असं लिहायचं असेल तर तिच्याकडे तेवढे पॉइंट आहेत का ते आधी बेरीज करून बघा, अर्ध्या मॉकमधले ट्रेड इथेच पडतात. पहिल्या राउंडच्या अगदी शेवटी कोणी वर येत असेल तर पाचव्या वर्षाच्या ऑप्शनसाठी क्वार्टरबॅक घ्यायला येतंय का हा संशय घ्या, २०१८ मध्ये बाल्टिमोर ३२ व्या नंबरवर असंच आलं आणि लमार जॅक्सन घेऊन गेलं.

आता खेळाडू. कॉम्बाइन इंडियानापोलिसला होतं, फेब्रुवारीअखेर-मार्चच्या सुरुवातीला, तिथले ४० यार्डचे आकडे टीव्हीवर गाजतात पण टीमला खरं महत्त्वाचं असतं ते मेडिकल आणि इंटरव्ह्यू, आणि ते दोन्ही आपल्याला दिसत नाही. मिशिगनचा कॉर्नर विल जॉन्सन २०२५ मध्ये पहिल्या राउंडचा पक्का माणूस धरला जात होता, गुडघ्याच्या शंकेने ४७ पर्यंत घसरला. म्हणून दुखापतीची बातमी एकाहून जास्त रिपोर्टर द्यायला लागले की त्या नावाला दहा-पंधरा जागा खाली ढकला. मोजमापांचा मात्र अतिरेक नको. विल कॅम्पबेलचा हात कॉम्बाइनला ३२ इंच आणि वर पाच अष्टमांश भरला, टॅकलसाठी ३३ पाहिजे म्हणून महिनाभर चर्चा, आणि न्यू इंग्लंडने ४ थ्या नंबरला आरामात घेतला.

भेटीगाठींची यादी ठेवा. प्रत्येक टीमला ३० खेळाडू आपल्या ऑफिसात बोलवता येतात, त्यातून रस कळतो, पण नुसतं नाव बघू नका, पोझिशन मोजा. चार टॅकल बोलावले असतील तर टॅकल डोक्यात आहे, त्यातला कुठला ते सांगता येत नसलं तरी. प्रो डेला (कॉलेजमध्येच टीमसमोर होणारी चाचणी) जीएम आणि हेड कोच दोघं स्वतः गेले तर ते आणखी वजनाचं.

आणि अफवा... एप्रिलमध्ये सगळे खोटं बोलतात, एजंट बोलतो, टीम बोलते, कोच तर बोलतोच. २०२३ मध्ये रेडिटवर कुणीतरी लिहिलं की विल लेव्हिसने आपल्या माणसांना सांगितलंय की कॅरोलिना त्याला पहिला घेणार, आणि तेवढ्यावर बेटिंगचे भाव धाडकन हलले, गुरुवारची अख्खी रात्र तो बसून राहिला आणि शुक्रवारी ३३ वा गेला. उलट २०२२ मध्ये शेवटच्या दिवसांत भाव एडन हचिन्सनकडून ट्रॅव्हॉन वॉकरकडे सरकला तो बरोबर निघाला. माझं मत असं की पहिल्या दोन-तीन पिकसाठी शेवटच्या दिवसाचा भाव मानावा, पुढे नाही, आणि भाव का हलला ते कारण सापडलं तरच मानावा. टीमने स्वतःहून पसरवलेली अफवा ओळखायची सोपी खूण म्हणजे ती बातमी खरी मानली तर फायदा कोणाचा होतो ते विचारा. मागची टीम घाबरून वर येणार असेल तर बातमी पिक विकणाऱ्याची आहे.

शेवटचा मॉक बुधवारी रात्री किंवा गुरुवारी सकाळी लॉक करा आणि नंतर हात लावू नका. प्रत्येक पिकला एकच नाव न लिहिता आधी पोझिशन, मग तीन नावं उतरत्या पसंतीने लिहा, कारण पहिलं नाव आधीच उचललं गेलं तर पुढे काय हे तुम्हाला तेव्हा सुचणार नाही. मार्क देताना पोझिशन बरोबर आली तर एक, तिघांपैकी कोणी आलं तर दोन, पहिलंच नाव आलं तर तीन. अचूक नाव-टीम जोड्या अर्ध्याच्या जवळपासही जात नाहीत, रोज हेच काम करणाऱ्यांच्याही जात नाहीत, म्हणून पोझिशनचे मार्क ठेवायचे, नाहीतर काय चुकलं ते कळतच नाही.

गुरुवारी रात्री पहिला राउंड संपला की झोपण्याआधी उरलेल्यांची यादी काढा. शुक्रवारची पहिली पाच-सहा पिक सगळ्यात सोपी असतात, टीमना रात्रभर विचार करायला आणि फोन फिरवायला वेळ मिळालेला असतो, बोर्डवर मोठी नावं उरलेली असतात. चौथ्या राउंडनंतर मात्र नावं लिहू नका, फक्त पोझिशन लिहा. २०२५ मध्ये शेड्यूर सँडर्स लोकांच्या मॉकमध्ये पहिल्या राउंडला होता आणि गेला १४४ वा, क्लीव्हलँडकडे, तेही त्यांनी तिसऱ्या राउंडला डिलन गेब्रिएल नावाचा दुसरा क्वार्टरबॅक घेऊन झाल्यावर.