एक्सपी-सेव्हनच्या जुन्या पीसीत लॅनचा ड्रायव्हर बसवताना: फिल्डवर नवीन लागलेल्या पोरांसाठी

हार्डवेअर नेटवर्किंगचा कोर्स करून पोरं आमच्याकडे लागतात ना, त्यांना पहिल्याच आठवड्यात झटका बसतो. क्लासमध्ये शिकलेले असतात विंडोज १०, ११, सर्व्हर वगैरे, आणि पहिला कॉल येतो साकीनाक्याच्या कुठल्यातरी गाळ्यातून. पीसीवर विंडोज एक्सपी, कॅबिनेटवर बोटभर धूळ, आणि शेठ दारातच सांगणार, फॉरमॅट मारायचा नाही हां, मशीन बंद पडेल. शेठ चुकीचं बोलत नाही. त्या पीसीला जोडलेलं मशीन लाखोंचं असतं, त्याचं सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालतं, ज्याने बसवून दिलं तो माणूस आता फोन उचलत नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला बंद केला आणि सेव्हनचा (विंडोज ७ चा) १४ जानेवारी २०२० ला, पण मुंबईतल्या गाळ्यांना ते कोणी कळवलेलं दिसत नाही.

तर अशा पीसीवर नेट किंवा लॅन (ऑफिसातले पीसी एकमेकांना जोडणारं नेटवर्क) चालत नाही हा कॉल कसा हाताळायचा ते सांगतो, आधी माझी फजिती सांगतो म्हणजे तुमची होणार नाही.

मी २०१२ ला लागलो. तिसऱ्याच आठवड्यात फोर्टला एका सीएच्या ऑफिसात पाठवलं, विंडोज ७, तक्रार एवढीच की नेट स्लो आहे. मला कोणीतरी सांगितलं होतं की ड्रायव्हर (हार्डवेअर चालवायला विंडोजला लागणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला की सगळं नीट होतं, मी काय केलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये (पीसीतल्या हार्डवेअरची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी) जाऊन अनइन्स्टॉल मारलं आणि खाली तो ड्रायव्हरची फाईलपण डिलीट करा असा चौकोन असतो त्यावरसुद्धा टिक केली, का तर टिक करायला जागा होती म्हणून. रिस्टार्ट झाला, पिवळं उद्गारचिन्ह, कोड २८, म्हणजे ड्रायव्हरच नाही. आता नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. सीडी हरवलेली. सायबर कॅफे शोधत सीएसटीपर्यंत चालत गेलो, मदरबोर्डच्या नावाने शोधून फाईल उतरवली, परत आलो, तर इन्स्टॉलर बोलतो हार्डवेअर सापडत नाही. त्याच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजन (आवृत्त्या) होत्या, एकीवर वेगळी चिप, दुसरीवर वेगळी. शेवटी सरांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "हार्डवेअर आयडी काय दाखवतोय?" मी बोललो, "ते काय असतं सर?" पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही.

तर हार्डवेअर आयडी, म्हणजे चिपची ओळख सांगणारा नंबर. बोर्डाचं नाव, बॉक्सवरचं नाव, कार्डावरचं स्टिकर, यातलं काहीच शोधायचं नाही, चिप ओळखायची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथल्या यादीतून हार्डवेअर आयडीज. एक लांबलचक ओळ दिसते, त्यात व्हीईएनच्या पुढची चार अक्षरं म्हणजे कंपनी आणि डीईव्हीच्या पुढची चार म्हणजे चिप. १०ईसी दिसलं की रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अ‍ॅथेरॉस, ८०८६ इंटेल (त्यांनी आपल्या जुन्या प्रोसेसरचाच नंबर घेतलाय, म्हणून हा कोणी विसरत नाही). आपल्याकडे निम्म्याहून जास्त वेळा १०ईसीच निघतं, आणि पुढे ८१३९, ८१३६, ८१६८ यातलं काहीतरी. ८१६८ दिसलं की खूश होऊ नका, त्याच नंबरखाली पुष्कळ रिव्हिजन आहेत, ओळीच्या शेवटी आरईव्ही लिहिलेलं असतं तेपण टिपून घ्या, कारण जुना ड्रायव्हर नव्या रिव्हिजनला ओळखत नाही आणि मग कोड १० येतो आणि आपण बसतो स्क्रू काढत. फोनने फोटोच काढा सरळ, लिहून घेताना ८ चा बी होतो.

मग ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून नाहीतर पीसी बनवणाऱ्याच्या साईटवरून घ्यायचा. ते सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर वाले पॅक असतात ना, मी त्यांच्या विरोधात आहे. एकदा वापरला, लॅन चालू झालं खरं, पण सोबत दोन टूलबार आणि पीसी फास्ट करून देणारं एक सॉफ्टवेअर आलं, आणि ग्राहकाला वाटलं मीच टाकलं.

इन्स्टॉलर चालायला नकार देतो तेव्हा घाबरायचं नाही. ती ईएक्सई सेव्हन-झिपने फोडायची, आत डॉट आयएनएफ फाईल असते, ती नोटपॅडमध्ये उघडायची. साधा मजकूर असतो तो. कंट्रोल एफ मारून आपला चिप नंबर शोधायचा. सापडला तर हा ड्रायव्हर आपल्या चिपसाठी आहे, नाही सापडला तर दुसरा शोधा, वेळ घालवू नका. वर सेक्शनच्या नावात ५.१ किंवा ६.१ असं काही दिसलं तर तेपण बघा, ५.१ म्हणजे एक्सपी आणि ६.१ म्हणजे विंडोज ७, आतून विंडोज ७ चा नंबर ७ नाहीच आहे. एनटीएक्स८६ म्हणजे ३२ बिट, एनटीएएमडी६४ म्हणजे ६४ बिट, आणि तो एएमडी वाचून इंटेलवाल्याला चालणार नाही असं समजू नका, मी समजलो होतो. मग विझार्डमध्ये आपोआप शोधा वगैरे नको, मी स्वतः निवडतो, हॅव डिस्क, आणि तो फोल्डर दाखवायचा.

पेनड्राइव्हचं पण सांगून ठेवतो. एक्सपीसाठी फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला ठेवा, एक्सफॅट ते नुसतं बघत बसतं. आणि विंडोज ७ ला यूएसबी ३ चा स्वतःचा ड्रायव्हर नसतो, निळ्या पोर्टात पेनड्राइव्ह लावून दिसत नाही म्हणून रडू नका, काळ्या पोर्टात लावा. सेव्हनवर अजून एक सोपी आयडिया म्हणजे अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेथरिंग, म्हणजे फोनचं नेट पीसीला, बहुतेक वेळा लगेच चालतं. ही आयडिया त्या दिवशी फोर्टला सुचली असती तर एवढी पायपीट झाली नसती.

आता प्रेसची गोष्ट, कारण यातच जास्त शिकायला मिळालं. लोअर परळला एक छापखाना आहे, गणपतीच्या आधी मंडळांचे अहवाल, पावती पुस्तकं, त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. जुलैमध्ये रात्री विजा झाल्या, गच्चीवरून गच्चीवर गेलेल्या नेटच्या केबलीतून झटका आला आणि छपाईची प्लेट काढणाऱ्या एक्सपी पीसीचा ऑनबोर्ड (मदरबोर्डावरचाच) लॅन पोर्ट गेला. पावसाळ्यात हे कायम होतं. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून पीसीआय लॅन कार्ड आणलं, मुद्दाम ८१३९ चिपवालं, कारण त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या पोटातच आहे. (जाण्याआधी कॅबिनेट उघडून स्लॉट पीसीआय आहे की पीसीआय एक्सप्रेस ते बघा, नाहीतर दोन फेऱ्या.)

कार्ड लागलं, चालू झालं. जुना आयपी (नेटवर्कवरचा पीसीचा पत्ता) टाकायला गेलो तर विंडोज म्हणतं हा आयपी दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे. कुठला दुसरा? तो मेलेलाच, ऑनबोर्ड. बायोसमधून (बोर्डाच्या सेटिंगमधून) बंद केला तरी रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) तो भुतासारखा राहतो. त्याला काढायचं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये सेट डेव्हएमजीआर अंडरस्कोर शो अंडरस्कोर नॉनप्रेझेंट अंडरस्कोर डिव्हायसेस इक्वल टू १ टाकायचं, मग त्याच काळ्या खिडकीतून डिव्हाइस मॅनेजर उघडायचं, व्ह्यूमध्ये शो हिडन डिव्हायसेस. फिकट रंगात जुनं कार्ड दिसतं, ते अनइन्स्टॉल.

पिंग (समोरचा पीसी उत्तर देतो का ते बघायची कमांड) मस्त. एकही पॅकेट पडत नाही. पण डिझाइनवाल्या पीसीवरून फाईल पाठवली तर सरकतच नाही, पंधरा मिनिटं झाली तरी पट्टी तिथेच. प्रेसवरचे काका मागे येऊन उभे, "काय रे, आज निघेल ना प्लेट?" मी केबल बदलली, कनेक्टर परत क्रिम्प केला, कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकलं, ड्रायव्हर दोनदा. शेवटी अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये स्पीड अँड ड्युप्लेक्स बघितलं तर १०० फुल (फुल म्हणजे पाठवणं आणि घेणं एकाच वेळी, हाफ म्हणजे आळीपाळीने). मीच ठेवलं होतं सकाळी, जुन्या कार्डाला तसं होतं म्हणून बघून बघून तेच टाकलं. जुना स्विच (सगळ्या लॅन केबली जोडायचा डबा) होता तेव्हा कोणीतरी दोन्हीकडे जुळवून ठेवलं असेल, आताचा स्विच ऑटोवर. एका बाजूने ठरवून टाकलं आणि दुसरी ऑटोवर राहिली तर ऑटोवाल्याला समोरचा फुल आहे हे कळतच नाही आणि तो हाफ धरून चालतो. पिंगची पाकिटं छोटी, ती निघून जातात, मोठी फाईल आली की टक्कर. ऑटो केलं, पट्टी पळाली. सगळा मिळून अर्ध्या मिनिटाचा इलाज.

पिंगवरून आठवलं, इंटरव्ह्यूमध्ये हमखास विचारतात की १२७.०.०.१ ला पिंग केल्यावर काय कळतं, आणि पोरं सांगतात लॅन कार्ड ओके आहे. नाही. कार्ड काढून खिशात ठेवलं तरी ते पिंग होतं, ते फक्त विंडोजमधलं टीसीपी-आयपी (नेटवर्कचं सॉफ्टवेअर) नीट आहे एवढंच सांगतं. आणि आयपी १६९.२५४ ने सुरू झाला तर ड्रायव्हरला हात लावू नका, ड्रायव्हर चालू आहे म्हणूनच तो आयपी दिसतोय, डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणारी सेवा) उत्तर येत नाहीये. तिथे राउटर आणि केबल बघा.

विंडोज ७ ६४ बिटवर कोड ५२ आला तर सहीचा प्रश्न, म्हणजे ड्रायव्हरवरची डिजिटल सही विंडोजला मान्य नाही. पीसी चालू होताना एफ८ दाबून सही तपासणं बंद करता येतं पण ते त्या एका बूटपुरतं, परत चालू केला की परत तेच, आणि तोपर्यंत तुम्ही ट्रेनमध्ये. नंतरच्या ड्रायव्हरांवर शा-२ ची (नव्या पद्धतीची) सही असते आणि जुन्या सेव्हनला ती कळत नाही, सर्व्हिस पॅक १ आणि केबी३०३३९२९ हा अपडेट पेनड्राइव्हवर ठेवा. घड्याळ पण बघा, बोर्डावरचा सेल गेला की तारीख मागे जाते आणि मग ब्राउझर प्रत्येक साईटला सर्टिफिकेट चुकीचं म्हणतो, पोरं बसतात ड्रायव्हर बदलत.

एक्सपीवर वायफाय द्यायची वेळ आली तर सर्व्हिस पॅक ३ आहे का बघा, डब्ल्यूपीए२ (वायफायची सुरक्षा) त्यात आहे, आणि कार्डासोबत आलेलं सॉफ्टवेअर आणि विंडोजचं स्वतःचं यातलं एकच ठेवा, दोघं भांडतात. पण शक्यतो देऊच नका.

खरंतर एक्सपीला नेटच देऊ नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आला तेव्हा मायक्रोसॉफ्टला सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढावा लागला, यावरून समजा. मशीनला फाईल मिळण्यापुरतं लॅन लागतं, तर आयपी हाताने टाकायचा आणि डिफॉल्ट गेटवेचा (बाहेर जायच्या रस्त्याचा) रकाना रिकामा सोडायचा, लॅन चालतं, बाहेर जाता येत नाही. प्रेसवर मी तेच करून आलो. दोन दिवसांनी शेठच्या पुतण्याचा फोन, दुपारी त्या पीसीवर क्रिकेटचा स्कोअर बघायचा तो. "दादा, तुम्ही गेल्यापासून नेट गेलंय." मी बोललो, "गेलं नाही रे, काढलंय."