गोल तळं दिसलं की आधी मोरी शोधा

गूगल अर्थवर गोल तळं दिसलं की लगेच ज्वालामुखी म्हणून मोकळे होऊ नका. आपलं लोणारपण गोलच आहे, पण ते उल्का आदळून झालंय, ती नेमकी बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकावर पडली म्हणून लोकांचा घोळ होतो.

सरावाला अमेरिकेतल्या ओरेगनचं क्रेटर लेक घ्या. साधारण 7,700 वर्षांपूर्वी माउंट माझामाचा एवढा मोठा उद्रेक झाला की पोटातला मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, रिकामा झाला आणि वरचा डोंगर आधार गेला म्हणून आतच बसला, त्या खड्ड्याला कॅल्डेरा म्हणतात. ओळखायचं कसं, तर आतून कडे उभे, बाहेरून उतार डोंगराचाच, आणि तळ्यात इथल्या विझार्ड आयलंड बेटासारखा छोटा शंकू, तो नंतरच्या उद्रेकांचा. असा शंकू दिसला की बऱ्यापैकी खात्री.

आता पाणी. झूम करून काठाकाठाने फिरा, आत येणारी नदी शोधा, मग बाहेर जाणारी. इथे दोन्ही नाहीत! 594 मीटर खोल तळं, आणि भरलंय पावसाने आणि बर्फाने, त्यालाच काही शतकं लागली.

मग पाणी जातं कुठे? इथे एकच प्रश्न विचारा, पाणी खारं की गोडं. लोणारला झरे आहेत, पाऊस आहे, पण बाहेर वाट नाही, पाणी उन्हाने उडतं आणि क्षार मागे राहतात. क्रेटर लेकचं पाणीही नुसतं वाफ होऊन गेलं असतं तर एवढ्या हजारो वर्षांत तेही खारं झालं असतं, पण ते गोडं आहे, म्हणजे मोरी आहे, फक्त दिसत नाही. उत्तरेच्या कड्यातल्या सच्छिद्र थरातून पाणी झिरपतं, टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपसारखं, म्हणून पातळी फारशी हलत नाही.

चव घेऊन बघायच्या भानगडीत मात्र पडू नका. इंडोनेशियाच्या कावा इजेनचं पाणी दिसतं सुंदर हिरवंनिळं पण आहे तीव्र आम्ल, खालून येणारे वायू त्यात विरघळतात.

आणि वायू दिसत नाही तिथे जास्त सावध. कॅमेरूनच्या न्योस तळ्याच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साठत गेला, 21 ऑगस्ट 1986 ला तो एकदम बाहेर आला आणि सुमारे 1,700 माणसं गुदमरून गेली. 2001 पासून तिथे वायू थोडा थोडा बाहेर काढायला तळापर्यंत पाइप सोडलाय, सुरुवातीला पंपाने पाणी ओढावं लागतं, मग सोड्याची बाटली उघडल्यासारखा वायूच ते वर फेकत राहतो.