रॅम्पच्या पायथ्याची भेग

जळगावकडच्या काळ्या मातीवर स्केटपार्कचा स्लॅब टाकला की भेगा आल्याच. क्वार्टर पाइपच्या, म्हणजे पाव गोलाकार रॅम्पच्या, पायथ्याशी पडलेल्या भेगेत स्केटबोर्डचं ५२ मिमीचं चाक अडकायचं नि पोरगं थेट तोंडावर. सिमेंटचा लेप दोनदा लावला, दोन्ही वेळा पापुद्र्यासारखा सुटला. भेग हलती असेल तर लेप टिकतच नाही.

मग ग्राइंडरने १० मिमी रुंद, २० मिमी खोल खाच मारली. धूळ उडवून तळाशी फोमची दोरी दाबली, वर पॉलियुरेथेन सीलंट (रबरासारखा लवचिक भराव), पृष्ठभागाच्या केसभर खाली.

खरं दुखणं मात्र पाण्याचं. कडेने मुरलं की माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून कडेला चारी खणून उतार बाहेर काढला.

नवीन स्लॅबला काळी माती उपसून मुरूम, १५ सेंमीच्या थरांनी रोलर. मे महिन्यात काँक्रीट संध्याकाळीच ओता, वर ओलं बारदान १० दिवस.